गावाच्या आरोग्याचा पैसा खर्च करताना या चुका टाळा

कोकणात पाऊस जूनमध्ये येतो, जुलाब-काविळीची साथ त्याच्या मागोमाग येते आणि आरोग्याचा पैसा मात्र अनेक ग्रामपंचायतींत मार्चअखेरीस घाईने उडवला जातो. निधी कमी असतो हे खरंच. पण आहे तोही भलत्या महिन्यात संपतो.

वर्षाची टीसीएल (ब्लीचिंग पावडर) एकदम उचलणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मार्चमध्ये शिल्लक दिसते, बिल लावायचं असतं, म्हणून पंधरा गोणी आणून मागच्या खोलीत जमिनीवर रचतात. ताज्या पावडरीत क्लोरीन साधारण ३३ टक्के असतो. मे महिन्याचा उकाडा आणि नंतरची दमट हवा त्याला टिकू देत नाही. ऑगस्टमध्ये मग चित्र असं दिसतं: जलसुरक्षक (विहिरीत पावडर टाकायला नेमलेला गावातला माणूस) रोज पावडर टाकतोय, नोंदवही भरलेली आहे, तरी वाडीत जुलाबाचे रुग्ण वाढतायत. सगळे पाइपलाइन खणायला निघतात. शेवटी कुणीतरी पावडरीचा नमुना तपासायला पाठवतं आणि क्लोरीन २० टक्क्यांच्याही खाली निघतो. अशी पावडर वापरायचीच नसते. पैसे गेले, वर साथही आली.

आधी हिशेब करा. विहिरीचा व्यास ४ मीटर, पाणी ७ मीटर, म्हणजे ३.१४ × ४ × ४ × ७ ÷ ४, साधारण ८८ हजार लिटर. चांगली पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम लागते, म्हणजे २२० ग्रॅम. अशा १२ विहिरी असतील तर रोज २ किलो ६४० ग्रॅम. २५ किलोची गोणी नऊ दिवस पुरते, महिन्याला साडेतीन गोणी पकडा. पुरवठा आदेशच महिनावार टप्प्यांचा काढावा आणि नमुन्याचा अहवाल हातात आल्याशिवाय त्या टप्प्याचं बिल काढू नये. गोणी फळीवर ठेवा, तोंड घट्ट बांधा.

मुठीने मोजणे

एप्रिलमध्ये त्याच विहिरीत २ मीटर पाणी असतं, तेव्हा ६३ ग्रॅम पुरतात. जुलैत साडेतीन पट लागते, पण मूठ तीच राहते. विहिरीच्या आतल्या भिंतीवर मीटरच्या खुणा रंगवून घ्या आणि किती मीटरला किती ग्रॅम याचं कोष्टक जलसुरक्षकाच्या हाती द्या. कोरडी पावडर थेट विहिरीत फेकण्याचा आळस तर मुळीच नको: बादलीत कालवा, चुना दहा मिनिटं खाली बसू द्या, वरचं पाणी तेवढं विहिरीत सोडा. तासाभराने ओटी तपासणी (पाण्यात किती क्लोरीन उरला ते दाखवणारी) करा, लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसला पाहिजे. नळयोजना असेल तर ही तपासणी शेवटच्या घराच्या नळाला.

ऑक्टोबरचं सर्वेक्षण कपाटात ठेवणे

पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण वर्षातून दोनदा होतं, पावसाआधी आणि पावसानंतर. एप्रिलमध्ये लाल कार्ड (स्रोत धोक्याचा असल्याची खूण) मिळालं की धावपळ सुरू होते, पण तोवर ग्रामपंचायत विकास आराखडा बंद झालेला असतो आणि आराखड्यात नसलेल्या कामाला पैसा सुटत नाही. विहिरीचा कठडा, जोत्याच्या भेगा, जांभ्यातून जवळच्या शोषखड्ड्याचं पाणी पाझरणं, हे सगळं ऑक्टोबरमध्येच कागदावर आलेलं असतं. आरोग्यसेवकाने तो कागद ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) द्यावा, ग्रामसभेत वाचावा आणि ठरावात प्रत्येक विहिरीचं नाव यावं. गावाच्या आरोग्यात समन्वय म्हणतात तो एवढाच, पण तो चुकला की पुढचं वर्ष गेलं.

बंधित निधी मोकळा समजणे

पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या अनुदानात ६० टक्के हिस्सा बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचा होता: निम्मा पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. सभागृहाची फरशी त्यात बसवण्याचा आग्रह कुणी धरू नये.

समितीचे १० हजार फलकांवर घालवणे

गाव आरोग्य समितीचा अबंधित निधी वर्षाला जास्तीत जास्त एवढाच. त्यातून आधी ओटीचं द्रावण आणि रुग्णाला हलवण्याचं गाडीभाडं बाजूला काढा.

सगळे आजार पावसाळ्याचे धरणे

लेप्टोची (उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या तापाची) तयारी लावणीआधी झाली पाहिजे. दोडामार्ग-सावंतवाडीकडचा, गोचिडांमुळे होणारा माकडताप मात्र कोरड्या दिवसांत येतो, त्याची तरतूद डिसेंबरपूर्वी हवी.

जलसुरक्षकाचं मानधन थकवणे

तीन-तीन महिने पैसे न मिळालेला माणूस भर पावसात पऱ्या ओलांडून पलीकडच्या वाडीतल्या विहिरीवर जाईल, ही अपेक्षाच चूक आहे. जून ते सप्टेंबरचं त्याचं मानधन आराखड्यात आधी लिहा आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खात्यावर जमा करा.