नव्या वर्षाचं ध्येय कसं ठरवावं आणि ते श्रावणापर्यंत कसं टिकवावं

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आपल्या नाशिकच्या गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटे नव्या बुटांची गर्दी असते. संक्रांतीचा तिळगूळ संपेपर्यंत ती ओसरते आणि मागे वर्षानुवर्षं चालणारी नेहमीची मंडळी उरतात. जे येईनासे होतात त्यांना आळशी म्हणणं अन्यायाचं आहे. त्यातले कित्येक जण दिवसभर राबणारे असतात. त्यांनी ध्येय ठरवलेलं असतं, ते रोजच्या धबडग्यात बसवायचं कसं हे मात्र ठरवायचं राहून गेलेलं असतं.

ते कसं करावं हे पायरीपायरीने पाहू. त्यासाठी एक उदाहरण सोबत ठेवू. दोन जिने चढले की धाप लागणाऱ्या एखाद्याला येत्या श्रावणात, तिसऱ्या सोमवारी, त्र्यंबकेश्वरची ब्रह्मगिरी प्रदक्षिणा पूर्ण करायची आहे. सुमारे २० किलोमीटरची फेरी, त्यात चढउतार, पाऊस आणि चिखल.

पायरी १: आधी सरलेल्या वर्षाकडे बघा

एक कोरा कागद घ्या. मोबाइलमधले वर्षभराचे फोटो आणि बँकेचं पासबुक समोर ठेवा. वेळ कशात गेला, पैसा कशात गेला आणि कशाने मनापासून बरं वाटलं, एवढंच लिहा. अर्धा तास पुरतो. हे केलं नाही तर माणूस दर वर्षी तीच यादी नव्या वहीत उतरवतो.

पायरी २: यादी छाटा

आता काय काय करायचं आहे ते लिहून काढा. वजन, इंग्रजी, गृहकर्ज, राहिलेली पदवी, मुलांना वेळ, पेटी शिकणं... दहा-बारा गोष्टी सहज होतील आणि सगळ्या चांगल्याच असतील. अडचण तिथेच आहे. निफाड-दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर वेलीवर आलेले सगळे घड ठेवत नाहीत. वेलीला पेलतील तेवढे ठेवतात आणि बाकीचे, चांगले दिसत असले तरी, काढून टाकतात. सगळे ठेवले तर मणी फुगत नाहीत आणि गोडीही भरत नाही. आपल्या यादीवरही अशीच कात्री चालवायला हवी.

काय ठेवायचं हे ठरवताना प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारा: ही गोष्ट मी केल्याचं कोणालाच कळणार नसेल, तरी मला ती करायची आहे का? मेव्हण्याने केली म्हणून, ऑफिसातले सगळे करतात म्हणून किंवा स्टेटसला टाकता येईल म्हणून आलेल्या गोष्टी इथे गळतात. नोकरी आणि घर दोन्ही सांभाळणाऱ्याने एक मोठं आणि एक छोटं ध्येय घ्यावं, त्याहून जास्त नको, असं माझं ठाम मत आहे. छाटलेली यादी मात्र जपून ठेवा, पुढच्या डिसेंबरात ती उपयोगी पडेल.

पायरी ३: तारीख आणि माप ठरवा

‘तब्येतीकडे लक्ष द्यायचं’ हे ध्येय झालं नाही, ती इच्छा झाली. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवून दिलं, की ‘जमेल तेवढं करू’ म्हणणाऱ्यांपेक्षा नेमकं आणि थोडं अवघड ध्येय समोर असलेल्यांच्या हातून काम जास्त चांगलं होतं. म्हणून आपल्या उदाहरणात श्रावणातला तिसरा सोमवार आहे आणि २० किलोमीटर आहेत.

‘बचत करायची’ याऐवजी ‘डिसेंबरअखेर ६०,००० रुपये’ असं लिहा. म्हणजे महिन्याला ५,००० रुपये. पगार झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते आपोआप आवर्ती ठेवीत जातील अशी सूचना बँकेला देऊन टाका. वाचायचं असेल तर १८४० पासून चालत आलेलं आपलं सार्वजनिक वाचनालय आहेच, तिथलं सभासदत्व घ्या आणि महिन्याला एक पुस्तक ठरवा. पदवी राहिली असेल तर १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकमध्येच आहे, आणि नोकरी करून शिकणाऱ्यांसाठीच त्याची रचना आहे. प्रवेश सुरू होतील तेव्हा होतील, जुन्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला शोधून ठेवणं हे काम जानेवारीत होऊ शकतं.

माप निवडताना ते आपल्या हातातलं आहे ना, हे तपासा. वजनाचा काटा किती सरकेल हे आपल्या हातात नाही, आठवड्यातून किती दिवस चाललो हे आहे. बढतीचंही तसंच.

पायरी ४: पहिला तुकडा अगदी लहान ठेवा

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. सवय नसलेल्याने तिथून सुरुवात करू नये. जानेवारीत आठवड्याचे पाच दिवस २० मिनिटं चाला. गुढीपाडव्यापर्यंत त्याची ३० मिनिटं करा, म्हणजे १५० मिनिटं भरतात. पाडव्यानंतर रविवारी एक लांब फेरी जोडा: आधी ५ किलोमीटर, मग ८, मग १०. चढाचा सराव पांडवलेणीच्या पायऱ्यांवर होतो. एप्रिल-मेच्या उन्हात सूर्य वर यायच्या आत परत या. पाऊस सुरू झाला की दोन-तीन रविवारी मुद्दाम भिजत १५ किलोमीटर चाला आणि फेरीला जी चप्पल किंवा बूट घालणार तेच पायात ठेवा. गुडघेदुखी, रक्तदाब किंवा साखर असेल तर सुरुवातीलाच डॉक्टरांना दाखवून घ्या.

थंडीचाही विचार हवा. आपण पहाटे पाचचा गजर नेमका कधी लावतो, तर निफाडचा पारा किती उतरला याच्या बातम्या रोज येत असतात तेव्हा. जानेवारीत संध्याकाळी चाला. पहाटेचा हट्ट फेब्रुवारी संपल्यावर धरा.

पायरी ५: वेळ ठरवू नका, निमित्त ठरवा

माझ्या मते सगळ्यात जास्त फळ देणारी पायरी हीच आहे. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली मांडलेला मुद्दा साधा आहे: ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं आधीच ठरवून ठेवलं, तर ते काम होण्याची शक्यता वाढते. त्या क्षणी पुन्हा विचार करावा लागत नाही.

आता सातपूर-अंबडच्या कारखान्यात काम करणाऱ्याचं बघा. एका आठवड्याला फर्स्ट शिफ्ट, दुसऱ्याला सेकंड, तिसऱ्याला नाइट. त्याने ‘रोज सकाळी सहाला’ असं ठरवलं तर पहिल्या पंधरवड्यातच गाडी अडणार. त्याऐवजी त्याने असं लिहावं: ‘कंपनीच्या बसमधून उतरलो की घरी न जाता आधी दोन स्टॉप चालून येईन.’ शिफ्ट बदलली तरी बसमधून उतरणं बदलत नाही. नाइटच्या आठवड्यात झोप आधी, म्हणून त्या आठवड्यापुरतं ‘झोपून उठलो आणि चहा झाला की’ असं दुसरं वाक्य तयार ठेवावं. घरी असणाऱ्यांसाठी ‘मुलं शाळेच्या रिक्षात बसली की’, दुकानदारांसाठी ‘दुपारी शटर अर्धं खाली आलं की’. आपल्या दिवसात न चुकता घडणारी एक गोष्ट शोधा आणि नवं काम तिच्या पाठीला बांधा.

पायरी ६: आड काय येईल ते आधीच लिहा

फेरी पूर्ण झाल्याचं चित्र नुसतं मनात रंगवून भागत नाही. वाटेतला अडथळाही सोबत बघावा लागतो, असं मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओटिंगेन यांचं संशोधन सांगतं. आपले अडथळे आपल्याला पाठ असतात: लग्नसराई, मार्चएंड, मुलांच्या परीक्षा, सुट्टीतले पाहुणे. प्रत्येकापुढे एक तोड लिहा. लग्नाला गेलो तर जेवण झाल्यावर कार्यालयाच्या आवारात दहा मिनिटं. मार्चएंडला २० ऐवजी १० मिनिटं, पण रोज.

पायरी ७: खाडे कॅलेंडरवर मांडा

यासाठी वेगळं ॲप लागत नाही. स्वयंपाकघरातल्या ज्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे लिहिले जातात, त्यावरच लाल पेनाने चाललेल्या दिवशी फुली मारा. येता-जाता ती सगळ्यांना दिसते, आणि महिनाअखेरीस दुधाचा हिशोब करताना आपलाही आपोआप होतो.

लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात ९६ जणांच्या सवयी तपासल्या होत्या. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ तर कोणाला २५४ इतका फरक निघाला. १ जानेवारीपासून ६६ दिवस म्हणजे मार्चचा पहिला आठवडा उजाडतो. तोवर कंटाळा येणारच, त्यात आपलं काही चुकत नसतं. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणून नियम एकच ठेवा: लागोपाठ दोन खाडे नकोत.

पायरी ८: घरात बोला

ध्येय गुपचूप ठेवलं की घरातलं पहिलं काम त्याच्यावरच येऊन पडतं. विशेषतः बाईचं. तिची चालायची वेळ झाली आणि दारात पाहुणे आले की चालणंच मागे पडतं, कोणी तसं सांगितलेलं नसतानाही. म्हणून नुसतं ‘मी चालणार आहे’ म्हणू नका, व्यवस्था ठरवा. ‘अहो, सात ते साडेसात मी घरात नसेन. तेवढ्यात कुकर तुम्ही लावा, आणि आईंच्या गोळ्या पिंकी देईल.’ नावानिशी वाटणी झाली की तो अर्धा तास खरा होतो. पुरुषांनीही आपलं ध्येय सांगताना, त्या वेळेचं घरचं काम कोणाच्या डोक्यावर जाणार हे विचारून घ्यावं.

पायरी ९: पाडव्याला उघडून बघा

गुढी उतरवल्यावर दहा मिनिटं काढा. फुल्या मोजा. निम्म्याहून जास्त असतील तर पुढचा टप्पा वाढवा. कमी असतील तर निमित्त बदला किंवा माप अर्धं करा, तारीख मात्र तीच राहू द्या. आणि आता हे ध्येय मनापासून नकोच असेल, तर ते खोडून छाटलेल्या यादीतलं दुसरं घ्या. त्यात कमीपणा नाही.

पाडवाही हुकला तर आषाढी एकादशी आहे. चातुर्मासाचे नेम आपल्या घरांना नवे नाहीत: आषाढीला धरायचे आणि कार्तिकीला सोडायचे, चार महिने, एकच गोष्ट. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासातही दिसलं होतं, की नवा आठवडा, नवा महिना किंवा वाढदिवस अशा वळणांवर लोक व्यायामाला जास्त संख्येने लागतात. आषाढीला सुरुवात करणाऱ्याने यंदाच्या फेरीची घाई करू नये, ती पुढच्या श्रावणासाठी ठेवावी. कार्तिकीपर्यंत रोजची २० मिनिटं भरली, की रविवारच्या लांब फेऱ्या सुरू करायला थंडीचे कोरडे महिने पुढे असतातच.