सातारा-सांगलीत कॅक्टस कसा शोधायचा, ओळखायचा आणि जगवायचा

कॅक्टस आणला की पहिल्याच पावसाळ्यात कुजतो आणि मग लोक म्हणतात आपल्याकडं जमत नाही. जमतं, पण आपल्या गावात पाऊस किती ते आधी बघायचं. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि पूर्वेला माणमध्ये जेमतेम पाचशेच्या आसपास, सांगलीतही शिराळा ओला आणि जत-आटपाडी कोरडं, त्यामुळं दहिवडीवाल्याचा सल्ला पाचगणीत चालत नाही.

आधी ओळख. बांधावरचा शेर आणि त्रिधारी निवडुंग हे दोन्ही कॅक्टस नाहीत, ते युफोर्बिया, म्हणजे दिसायला तशीच पण वेगळ्या कुळातली झाडं. कापले की पांढरा चीक येतो, तो डोळ्यात जाऊ देऊ नका, फार त्रास होतो. पण नुसत्या चिकावर जाऊ नका कारण मॅमिलेरिया या खऱ्या कॅक्टसच्या बऱ्याच जातींतही तो असतो. पक्की खूण म्हणजे काटा जिथनं निघतो तिथली लव असलेली बारीक गादी, तिला अरिओल म्हणतात. ती फक्त कॅक्टसलाच असते.

आता शोधायला लांब जायची गरज नाही. माळावरचा फड्या निवडुंग हा खरा कॅक्टस, मूळचा अमेरिकेतला. त्याचं पान चिमट्यानं धरा, कारण मोठ्या काट्यांपेक्षा त्याची बारीक कुसळं वाईट, रुतली तर चिकटपट्टी लावून ओढून काढायची. पानावर पांढरा कापूस दिसला तर चिरडून बघा, लाल रंग निघाला की तो कोचिनील किडा, असलं पान घरी आणू नका. 1795 मध्ये रंगासाठी म्हणून चुकून या किड्याची भलतीच जात भारतात आणली होती, रंग काही चांगला मिळाला नाही पण त्यानं फड्याच्या एका जातीची रानंच्या रानं संपवली. जतकडच्या शेतातलं ड्रॅगन फ्रूट पण कॅक्टस, आणि शेजारी रात्री जागून ज्याचं फूल बघतात ते कुंडीतलं ब्रह्मकमळ सुद्धा. छाटणीच्या वेळी शेतकऱ्याला मागितलं तर तुकडा सहज मिळतो.

तुकडा आणला की लगेच लावायचा नाही. सावलीत आठ-दहा दिवस ठेवून कापलेली बाजू पूर्ण सुकू द्या, इथंच सगळ्यात जास्त लोक घाई करतात.

मातीचं मात्र मनावर घ्या. सांगलीकडची काळी माती पाणी धरून ठेवते, ती वापरूच नका. एक भाग बागेची माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग चाळलेला मुरूम किंवा विटांचे बारीक तुकडे. वाळू चाळायची आणि चाळणीत राहिलेली घ्यायची, खाली पडलेली बारीक वाळू मातीत घट्ट बसते आणि निचरा बंद होतो. कुंडी मातीची, खाली भोक मोठं, आणि झाडाच्या मानानं लहानच, कारण मोठ्या कुंडीतली माती लवकर वाळत नाही. लावल्यावर आठवडाभर पाणी नाही.

मग पाणी. माण, खटाव, जत, आटपाडीत उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी भरपूर द्या, बोट घालून खालची माती कोरडी लागली तरच, आणि एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हात हिरव्या जाळीखाली ठेवा. नर्सरीच्या सावलीतनं आणलेलं झाड एकदम गच्चीवर ठेवलं तर भाजून पांढरे डाग पडतात आणि ते डाग जात नाहीत, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू ऊन वाढवा. सातारा शहर, कराड, सांगलीत जून ते सप्टेंबर कुंड्या पत्र्याखाली घ्या, पारदर्शक पत्रा असेल तर उत्तम. महाबळेश्वर-पाचगणीला नुसतं छप्पर पुरत नाही, धुक्यातली ओल राहते, तिथं गोल काटेरी जातींच्या नादी न लागता ब्रह्मकमळ लावा असं माझं स्पष्ट मत आहे. तो झाडांवर वाढणारा जंगली कॅक्टस, त्याला ओल आणि अर्धी सावली चालते, फक्त मातीत पालापाचोळ्याचं खत जास्त घाला.

खोडाच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लावा, पण संध्याकाळी, उन्हात नको.

फुलं पाहिजे असतील तर गोल जातींना डिसेंबर-जानेवारीत पाणी जवळजवळ बंद करा आणि कुंडी थंडीतच, भरपूर उजेडात ठेवा. झाड थोडं आक्रसतं, घाबरू नका. फेब्रुवारीत ऊन तापायला लागलं की थोडं थोडं पाणी सुरू करायचं, मॅमिलेरियाला त्यानंतर डोक्याभोवती कळ्यांची गोल रांग येते.