कबड्डीच्या हंगामाआधी: ताकद आणि पॉवरची तयारी

निवड चाचणीची तारीख कळली की पहिलं काम म्हणजे तिथून मागे बारा आठवडे मोजणं. आठ मिळाले तरी भागतं. तीनच आठवडे हातात असताना 'आता पॉवर वाढवू' म्हणून जिममध्ये घुसणाऱ्यांनी मात्र या यादीतला झोपेचा आणि जेवणाचा भाग तेवढा उचलावा, बाकीचं पुढच्या हंगामाला. तारखेशेजारीच वजनगट लिहून ठेवा. वरिष्ठ पुरुषांना 85 किलोची मर्यादा आहे; 82 वर असलेल्या पोराला 'अंग भर' सांगणं आणि 68 वर असलेल्याला सांगणं यात फरक पडतो.

मग मोजमाप, तेही पहिल्याच आठवड्यात. यासाठी लॅब लागत नाही. जागेवरून लांब उडी घ्या: खडूची रेघ, बोटं रेघेच्या मागे, आणि उतरल्यावर रेघेच्या सर्वांत जवळ पडलेल्या टाचेपर्यंत मोजपट्टी. तोल जाऊन हात मागे टेकला तर ती उडी बाद. तीन उड्यांतली चांगली वहीत लिहा. दर वेळी तेच बूट, तोच वॉर्म-अप, तीच जागा. मातीवरचा आकडा मॅटवरच्या आकड्याशी ताडून बघायचा नाही. सोबत दहा मीटर धाव मोबाईलवर शूट करून वेळ काढा, आणि पुल-अप्स किती निघतात ते नोंदवा. ज्याच्या पुल-अप्स तीनवर अडकतात त्याच्या हातून अँकल होल्ड (चढाईपटूच्या घोट्याची पकड) का सुटतो, हे त्याला वेगळं समजवावं लागत नाही.

पुढचं सामान म्हणजे बारबेल, वजनाच्या प्लेट्स आणि शिकवणारा माणूस. इथे आपल्याकडे जुना वाद आहे. पाचशे बैठका मारणारा पैलवान बारबेलकडे तुच्छतेने बघतो. बैठकांनी दम आणि मांड्या येतात, नाकारण्यासारखं त्यात काही नाही. पण एका झटक्यात जास्तीत जास्त जोर लावायचा तर जड वजनच लागतं. हलकं वजन थकेपर्यंत उचलूनही स्नायू वाढतात, कमाल ताकद मात्र जड वजनानेच जास्त वाढते, असं अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणून पहिले चार आठवडे स्क्वॉट (बारबेल खांद्यावर घेऊन बैठक), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) आणि प्रेस (वजन हातांनी ढकलणं) यांची पद्धत बसवण्यात घाला, आठ-दहा रेप्सचे, म्हणजे सलग आवर्तनांचे सेट. पुढचे चार-पाच आठवडे एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या 80 ते 90 टक्क्यांवर तीन ते पाच रेप्स, आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा. दोन सेटमध्ये तीन मिनिटं विश्रांती घ्या. पोरं घड्याळ बघतात, कंटाळतात, मोबाईल काढतात. काढू द्या.

शाळकरी पोरांच्या आईवडिलांचा एक प्रश्न ठरलेला असतो: वजनं उचलून उंची खुंटेल का? जाणकाराच्या देखरेखीखाली, पद्धत शिकून केलेल्या व्यायामाने उंची खुंटते याला पुरावा नाही. धोका असतो तो मित्राशी पैज लावून उचललेल्या वजनात.

पॉवरचं, म्हणजे ताकद वेगाने लावण्याचं काम ताकदीच्या मागून येतं, पण उड्यांची सुरुवात पहिल्या आठवड्यापासूनच करा, तीही उतरण्यापासून. गुडघ्याएवढ्या ठोकळ्यावरून खाली उतरून जागच्या जागी गोठून थांबायचं, गुडघे आत न वळता. चढाईपटू बचावपटूच्या पायाला हात लावून मध्यरेषेकडे वळतो तेव्हा आधी ब्रेक लागतो, मग वेग येतो. तो ब्रेक इथे तयार होतो. नंतर लांब उड्या, एका पायावरच्या उड्या, मेडिसिन बॉल (वजनदार चेंडू) फेकणं, हलक्या वजनाने वेगात जम्प स्क्वॉट. प्रत्येक रेप पूर्ण वेगाने, आणि वेग पडला की सेट संपला. स्पेनमधल्या एका अभ्यासात स्क्वॉटचा वेग 20 टक्के घटताच थांबणारे आणि 40 टक्के घटेपर्यंत ओढणारे असे दोन गट होते. ताकद दोघांची सारखीच वाढली, जागेवरून वर मारलेली उडी मात्र लवकर थांबणाऱ्यांची जास्त सुधारली. घाम गाळण्याचा आपला हट्ट इथे नुकसान करतो. उलटी होईपर्यंत पळवणारा प्रशिक्षक मला कडक वाटत नाही, आळशी वाटतो. कारण थकवणं सोपं असतं.

दुखापतीसाठी दोन व्यायाम यादीत हवेतच. नॉर्डिक हॅमस्ट्रिंगसाठी घडी केलेल्या मॅटवर गुडघे टेका, जोडीदाराने घोटे घट्ट दाबून धरायचे, आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत सरळ राहून जमेल तितकं हळू पुढे झुकायचं. कंबर मोडली की तो व्यायामच उरत नाही. मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापती याने जवळपास निम्म्यावर येतात. सुरुवात दोन सेट, पाच-पाच रेप्सनी करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. दुसरा कोपनहेगन, जांघेसाठी: कुशीवर आडवं होऊन वरचा पाय जोडीदाराने धरायचा आणि त्याच्या आधाराने अंग उचलायचं. थाय होल्डमध्ये (मांडीच्या पकडीत) पाय फाकला जातो तेव्हा तोच उपयोगी पडतो.

आठवड्याचं वेळापत्रक कागदावर मांडा. जड वजनं आणि लांब धावा एकाच संध्याकाळी नकोत. जमलं तर सकाळ-संध्याकाळ वाटून घ्या, नाहीच जमलं तर वजनं आधी.

जेवणात प्रथिनांचा हिशोब शरीराच्या प्रत्येक किलोमागे रोज सुमारे 1.6 ग्रॅम. 70 किलोच्या खेळाडूला साधारण 112 ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम सोयाबीन वडीत पन्नासच्या आसपास. नुसत्या वरणभातावर हा आकडा गाठत नाही. क्रिएटिन मोनोहायड्रेट, रोज तीन ते पाच ग्रॅम, हे खरोखर काम करणाऱ्या मोजक्या पूरकांपैकी एक आहे, आणि शाकाहारी खेळाडूच्या स्नायूंत त्याचा साठा मुळात कमी असतो. पण त्याने एक-दोन किलो वजन वाढू शकतं, म्हणून वजनगटाच्या काठावर असाल तर ते वजन-मोजणीच्या आठवड्यात सुरू करू नका. जिममधल्या ओळखीच्याने दिलेला बिनलेबलचा डबा मात्र घ्यायचाच नाही. नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) चाचणीत बंदी असलेला पदार्थ सापडला तर 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटका होत नाही. झोप आठ तासांच्या खाली गेली की वरचं सगळं अर्धवट लागू पडतं.

शेवटच्या दोन आठवड्यांत सेट निम्मे करा, वजन आणि वेग तेवढाच ठेवा. बहुतेक जण उलट करतात, चाचणीच्या आदल्या दिवशी दुप्पट सराव. पहिल्या आठवड्यात मोजलेली उडी याच काळात पुन्हा मोजा. हंगाम सुरू झाल्यावर जिम सोडू नका: नॉर्वेच्या व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये आठवड्यातून एका सत्रावर ताकद टिकली, पंधरवड्यातून एकावर घटली. ते एक सत्र सामन्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठेवा, चाळीस मिनिटांत आटपा, आणि सलग चार दिवसांची स्पर्धा असेल त्या आठवड्यात खुशाल वगळा.