निवृत्तीनंतर डोंगर-समुद्राकडे वळलेल्या सैनिकाचा स्मृतिलेख कसा लिहावा

माजी सैनिकाच्या निधनानंतर लिहिल्या जाणाऱ्या लेखांत पलटण, पदके आणि युद्धे यांनी बहुतेक जागा व्यापलेली असते आणि निवृत्तीनंतरची सगळी वर्षे ‘त्यांना भटकंतीचीही आवड होती’ एवढ्या एका वाक्यात आटोपतात. ज्याने गणवेश उतरवल्यावर डोंगर किंवा समुद्र जवळ केला, त्याच्यावर हा अन्याय आहे. सेवेतील वाट बऱ्याच अंशी हुकमाने ठरते. नंतरची वाट त्याने स्वतः निवडलेली असते. म्हणून लिहायला बसण्यापूर्वीच या उत्तरार्धासाठी निम्मी जागा राखून ठेवावी.

मेजर बिल टिलमन या ब्रिटिश अधिकाऱ्याचे आयुष्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ते पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील सोमच्या लढाईत होते आणि दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या ताब्यातील प्रदेशात पॅराशूटने उतरले. या दोन युद्धांच्या मधल्या काळात, १९३६ साली, त्यांनी नंदादेवीचे शिखर गाठले. पुढे पन्नाशी उलटल्यावर, १९५४ मध्ये, त्यांनी ‘मिस्चिफ’ नावाची जुनी शिडाची नौका विकत घेतली आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडील पॅटागोनिया, ग्रीनलंड अशा बर्फाळ किनाऱ्यांच्या सफरी सुरू केल्या. १९७७ मध्ये, वयाच्या ७९व्या वर्षी, दक्षिण अटलांटिक महासागरात ते सहकाऱ्यांसह बेपत्ता झाले. त्यांच्यावर लिहिणारा पदकांपाशीच थांबला, तर नौका घेणारा टिलमन वाचकाला भेटणारच नाही.

साहित्य गोळा करताना सर्वांत आधी नाशवंत गोष्टींकडे वळावे. फोन, मनगटी घड्याळ आणि ऑनलाइन खाती यांत साठलेल्या पायी भटकंतीच्या नोंदी व छायाचित्रे खाते बंद होण्याआधी, कुटुंबीयांच्या संमतीने, उतरवून घ्यावीत. जुनी छापील छायाचित्रे ६०० डीपीआयने (इंचामागे ६०० ठिपके) स्कॅन करावीत आणि त्यांच्या मागे नावे लिहायची झाल्यास पेनऐवजी मऊ पेन्सिल वापरावी, कारण शाई कालांतराने पुढच्या बाजूवर उमटू शकते. पदके चकाकावीत म्हणून पॉलिशने घासू नयेत. त्यामुळे वरचा मुलामा आणि कोरीव अक्षरे झिजतात. नकाशे मात्र सावकाश, एकेक घडी उलगडून पाहावेत. एखाद्या ओढ्याशेजारी पेन्सिलीने लिहिलेले ‘मे अखेर कोरडा’, फुली मारलेली वाट, समासातील निघण्याची वेळ, या खुणांतून माणूस जितका कळतो तितका विशेषणांतून कळत नाही. सॅकच्या झाकणाखाली चिकटवलेली सामानाची यादी सापडली, तर ती लेखात जशीच्या तशी द्यावी.

सोबत्यांशी बोलताना ‘ते कसे होते?’ असे विचारले की ‘फार शिस्तीचे’ असे ठरलेले उत्तर मिळते. त्याऐवजी वाट चुकली तेव्हा त्यांनी काय केले, शिखर समोर दिसत असताना ते कधी माघारी फिरले का, दमलेल्या सोबत्याचे ओझे कोणी उचलले, असे नेमके विचारावे. माघारीची हकिकत मिळाली तर ती कधीही गाळू नये; माझ्या मते स्मृतिलेखातील तो सर्वांत मोलाचा परिच्छेद ठरतो.

लष्करी तपशील थोडकेच असावेत, पण ते काटेकोर असावेत. हुद्दा, पलटण, सेवेची वर्षे आणि पदकांची अधिकृत नावे सेवेच्या कागदपत्रांवरून ताडून पाहावीत, केवळ आठवणींवर विसंबू नये. गोपनीय कामगिरीबद्दल तर्क लढवू नयेत. युद्धाच्या मानसिक जखमांचा उल्लेख त्यांनी स्वतः उघडपणे केला असेल आणि कुटुंबाची हरकत नसेल तरच करावा, आणि डोंगरांनी त्या भरून काढल्या असे परस्पर जाहीर करू नये. मृत्यू मोहिमेवर झाला असेल तर ‘आवडत्या ठिकाणी मरण आले’ हे वाक्य आपण लिहू नये. ते म्हणायचे की नाही, हे घरच्यांनी ठरवावे.

लेखासोबत स्मृतिपदयात्रा काढायची असल्यास त्यांची सर्वांत अवघड वाट न निवडता, वयस्कर सोबत्यांनाही जमेल अशी निवडावी आणि सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने जावे. शिखरावर फलक किंवा दगडांची रास उभारण्यापूर्वी त्या भूमीची देखरेख करणाऱ्यांची परवानगी घ्यावी. रक्षा विसर्जित करायची असल्यास नियम आधी विचारावेत, कारण रक्षेतील क्षार आणि फॉस्फरस यांमुळे उंचावरील पातळ मातीचा पोत बदलतो व तिथल्या नाजूक वनस्पतींना अपाय होतो. शिखराऐवजी पायथ्याचे ठिकाण निवडणे हा त्यावर साधा मार्ग आहे. तिथे तयार लेखातील दोन-तीन परिच्छेद वाचावेत आणि पूर्ण लेखाची प्रत ज्यांनी आठवणी सांगितल्या त्या प्रत्येकाला द्यावी.