जॉर्ज सराची रेखाटने कशी पाहावीत

जॉर्ज सराचे नाव निघाले की रंगीत ठिपक्यांनी भरलेले भव्य कॅनव्हास डोळ्यांसमोर येतात. त्याने काळ्या कोंते खडूने केलेली रेखाटने मात्र अनेक प्रेक्षकांच्या गावीही नसतात. १८५९ साली पॅरिसमध्ये जन्मलेला हा चित्रकार १८९१ साली, अवघ्या ३१व्या वर्षी गेला, आणि त्या छोट्याशा कारकिर्दीतले त्याचे सर्वांत धीट काम, माझ्या मते, या कागदांवर आहे. न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयाने २००७ साली प्रामुख्याने रेखाटनांचे प्रदर्शन भरवले होते. असे प्रदर्शन पाहण्याची संधी मिळाली, तर रंगचित्रे पाहण्याची सवय दाराशीच ठेवून आत जावे.

कागद प्रकाशाने खराब होतो, त्यामुळे अशा दालनांतला उजेड साधारण ५० लक्सपर्यंतच (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक), म्हणजे बराच मंद ठेवलेला असतो. डोळे त्याला सरावेपर्यंत काही मिनिटे नुसते थांबावे. घाईने पाहिल्यास पहिली चारपाच चित्रे केवळ काळपट भासतात. काचेवर स्वतःचेच प्रतिबिंब पडत असेल तर किंचित बाजूला सरकून पाहावे.

प्रत्येक चित्र आधी आठदहा फुटांवरून पाहावे आणि मगच जवळ जावे. दुरून आकृती भरीव आणि शांत दिसते. जवळ जाताच ती विरघळते आणि कागदाचा पोत वर येतो. सरा प्रामुख्याने मिशाले हा खरबरीत, उंचवटे असलेला कागद वापरत असे. खडू हलक्या हाताने फिरवला की त्याची काजळी उंचवट्यांवर बसते आणि खाचा पांढऱ्याच राहतात. दाब वाढवला की खाचाही भरत जातात. म्हणजे या चित्रांतला उजेड बहुतांशी चित्रकाराने काढलेला नसून राखलेला आहे. म्हणूनच खडू कुठे लागला यापेक्षा तो कुठे लागला नाही, हे शोधावे. आईचे भरतकाम करतानाचे चित्र (१८८२-८३) यासाठी उत्तम आहे: खाली झुकलेला चेहरा आणि हात यांना बाह्यरेषा जवळजवळ नाहीच, तरी कामात गढलेली ती स्त्री स्पष्ट जाणवते.

यानंतर आकृती आणि पार्श्वभूमी जिथे भेटतात त्या कडांवर नजर स्थिरावावी, कारण सराचे खरे कसब तिथे आहे. उजळ गालामागची जागा तो मुद्दाम अधिक गडद करतो आणि काळोख्या पाठीमागची जागा फिकी करतो, त्यामुळे रेषा न ओढताही आकार सुटा होतो. एकोल दे बोझार्त या पॅरिसच्या कलाशाळेत आंरी लेमान या, रेषेला सर्वस्व मानणाऱ्या अँग्र या चित्रकाराच्या शिष्याकडे रेषेची कडक शिस्त शिकलेल्या तरुणाने काही वर्षांतच रेषेला अशी रजा द्यावी, याचे मला अजूनही अपार कौतुक वाटते. त्या शिस्तीची आठवण पाहायची असेल, तर १८८३च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या वार्षिक कलाप्रदर्शनात, स्वीकारले गेलेले आमां-जां या मित्राचे चित्र शोधावे. ते इतरांपेक्षा बरेच मोठे आणि रेखीव आहे.

‘आनिएर येथील स्नान’ (१८८४) या रंगचित्रासाठी केलेली रेखाटने भिंतीवर असतील, तर त्या चित्राची चांगली प्रतिकृती सोबत ठेवावी. काठावर बसलेल्या मुलाभोवतीचे पाणी त्याच्या उजळ बाजूला गडद आणि सावलीच्या बाजूला फिके रंगवलेले आहे. कागदावर सापडलेली युक्ती कॅनव्हासवर रंगात उतरली आहे, हे तिथेच ताडून पाहता येते. तोंडाशी हाताची ओंजळ धरून साद घालणाऱ्या मुलाचे रेखाटनही याच मालिकेतले आहे.

गाण्याच्या कॅफेंची, १८८७-८८च्या सुमाराची चित्रे शेवटी पाहावीत. त्यांत रंगमंचाच्या झगमगाटासाठी त्याने ठिकठिकाणी पांढरा गुवाश (अपारदर्शक जलरंग) लावला आहे, आणि आधीच्या कागदांवर डोळा तयार झाला असेल, तर राखलेला उजेड कोणता आणि वरून लावलेला कोणता, हे लगेच ओळखू येते.