कुलदेवीचं नाव ठाऊक आहे, पण देवी नेमकी कोणती?

नुसतं नाव धरून शोधू नका, आधी गाव शोधा. ‘म्हाळसा’ जेजुरीची असेल तर ती खंडोबाची पत्नी, पार्वतीचं रूप. गोव्यात म्हार्दोळची असेल तर ती म्हाळसा नारायणी, विष्णूचं मोहिनी रूप. म्हणूनच तिच्या गळ्यात जानवं असतं. उलटही घडतं: माहूरची रेणुका आणि सौंदत्तीची यल्लम्मा नावाने दोन, पण देवी एकच मानतात.

गाव कळत नसेल तर आत्याला, थोरल्या काकांना विचारा: आपल्यात लग्नानंतर ओटी भरायला कुठे जातात? देवीच्या गोंधळात, म्हणजे कुलाचाराच्या जागरणात, पहिलं बोलावणं कोणत्या देवीला असतं? इंटरनेटवरच्या आडनावांच्या याद्यांवर विसंबू नका. एकाच आडनावात कुळं अनेक असतात.

मग देव्हाऱ्यातला टाक, म्हणजे देवीची प्रतिमा उठवलेला धातूचा छोटा पत्रा, बघा. वर्षानुवर्षं घासून तो गुळगुळीत झालेला असतो, म्हणून अंधारात बाजूने तिरपा टॉर्च धरा. उठाव सावलीत दिसतो. हात मोजा, आयुधं पाहा, पायाशी रेडा आहे का ते पाहा. आठ हात आणि रेडा असेल तर तुळजाभवानीकडे कल. अठरा हात वणीच्या सप्तशृंगीचे. माहूरला मूर्ती नाही, फक्त मुखवटा आहे. तेव्हा हात दिसले नाहीत म्हणून टाक झिजलाच असं समजू नका.

सगळ्यात जास्त घोळ कोल्हापूरच्या अंबाबाईबाबत होतो. ‘महालक्ष्मी’ म्हटलं की बाजारातून कमळावर बसलेल्या, हातातून नाणी सांडणाऱ्या लक्ष्मीची तसबीर आणली जाते. अंबाबाई उभी आहे आणि तिच्या हातात कमळ नाही. उजव्या खालच्या हातात म्हाळुंग (लिंबाच्या जातीचं मोठं फळ), वरच्या हातात गदा. डाव्या वरच्या हातात ढाल, खालच्या हातात पानपात्र, म्हणजे पिण्याचं भांडं. मागे सिंह. दुर्गासप्तशती या देवीच्या पोथीला जोडलेल्या ‘प्राधानिक रहस्य’ या भागातली आद्यशक्ती महालक्ष्मी हीच चार आयुधं धरते. नवरात्रात तिरुपतीहून शालू येतो, तिला विष्णुपत्नी मानणारी श्रद्धाही मोठी आहे. पण तसबीर निवडताना हातच बघावेत.

देवळातल्या पूजेच्या फोटोवरून मात्र ओळखायला जाऊ नका. साडीखाली खरे हात झाकले जातात. शेंदराचंही तेच: सप्तशृंगीची मूळ मूर्ती 2022 मध्ये थर काढल्यावर स्पष्ट दिसली. अभिषेकाच्या वेळचं दर्शन किंवा अलंकाराविना काढलेला फोटो मिळवा.

टाक एक सांगतो आणि गाव दुसरं, असं झालं तर गाव धरा, आणि तिथल्या पुजाऱ्यांच्या जुन्या वह्यांत आपलं घराणं सापडतं का ते विचारा. तोवर टाक बदलू नका.