उद्रेकाच्या आधीची दहा मिनिटं: बालगृहातल्या काळजीवाहकांसाठी

संध्याकाळी साडेसहाला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा ताट भिंतीवर फेकतो, शेजारच्याच्या कानाखाली वाजवतो. रजिस्टरात नोंद होते: 'गैरवर्तन केले, समज दिली.' अशा पन्नास नोंदी वाचल्या तरी त्या मुलाबद्दल काहीच हाती लागत नाही. समुपदेशक आठवड्यातून तासभर भेटतो. बाकीचा सगळा वेळ मूल दादा, ताई, मावशींच्या नजरेसमोर असतं. त्यामुळे त्याला सावरण्याचं बरंचसं काम जेवणाच्या रांगेत, आंघोळीच्या वेळी आणि दिवे मालवल्यावरच होतं. ते नीट करायचं तर आधी लिहायला शिकावं लागतं.

प्रत्येक मुलाची वेगळी वही करा आणि पानावर चार रकाने आखा: वेळ व जागा, त्याआधीच्या दहा मिनिटांत काय घडलं, मुलानं नेमकं काय केलं, नंतर त्याला काय मिळालं किंवा काय टळलं. विशेषणं टाळा. 'उद्धटपणा केला' असं न लिहिता 'वही फाडली, दोनदा शिवी दिली, जिन्यात जाऊन बसला' असं लिहा. ड्युटी संपण्याआधीच लिहा, कारण दुसऱ्या दिवशी राग आठवतो, क्रम आठवत नाही. दोन आठवड्यांत दहा-बारा नोंदी झाल्या की अधीक्षक, समुपदेशक आणि रात्रपाळीचा काळजीवाहक यांनी एकत्र बसून त्या वाचाव्यात. रात्रपाळीच्या माणसाला या बैठकीतून वगळतात, आणि नेमकं त्यालाच सगळ्यात जास्त ठाऊक असतं.

नोंदींत काय शोधायचं? आधी साध्या गोष्टी. सगळे प्रकार पाच ते सातच्या दरम्यान होत असतील तर मुलं भुकेली आहेत का बघा. साडेपाचला चणे-गूळ देऊन पाहा. एकाग्रतेसाठी मिथाइलफेनिडेट चालू असेल तर दुपारची भूक मरते, आणि संध्याकाळी औषधाचा असर उतरताना भूक आणि चिडचिड एकदम येऊ शकते. हे डॉक्टरांना वेळेसकट सांगा; डोस स्वतः बदलू नका, आणि कुठलंही मानसोपचाराचं औषध अचानक बंद करू नका. भांडणं सकाळच्या रांगेत होत असतील तर न्हाणीघरं मोजा: केंद्राच्या 2016 च्या बाल न्याय आदर्श नियमांत 10 मुलांमागे किमान 1 धरलेलं आहे. अभ्यासाच्या तासालाच ताट-वही उडत असेल तर त्याला वाचता येतं का ते एकांतात तपासा. डोळे आणि कानही तपासून घ्या. चौदाव्या वर्षी चारचौघांत अडखळत वाचण्यापेक्षा शिव्या देऊन वर्गाबाहेर जाणं मुलाला सोपं वाटतं, आणि चौथ्या रकान्यात तेच दिसतं: वाचन टळलं. अशा मुलाला बाहेर काढण्याची शिक्षा केली, तर त्याला हवं तेच आपण देतो.

भेटीच्या दिवशी आई आली नाही, की पुढचे दोन दिवस जपा. गणपती-दिवाळीला इतर मुलं घरी जातात तेव्हाही तेच. पळून जाण्याचा विचार याच दिवसांत बळावतो.

प्रत्यक्ष उद्रेकाच्या वेळी पहिलं काम म्हणजे बघे हलवणं. चिडलेल्या मुलाला ओढून नेण्यापेक्षा बाकीच्यांना दुसऱ्या खोलीत नेणं सोपं आणि सुरक्षित असतं. बोलणारा एकच माणूस ठेवा. दोन हात अंतरावर, थोडं तिरकं उभं राहा. दार अडवू नका. वाक्यं चार-पाच शब्दांची: 'मी इथेच आहे.' 'पाणी देऊ?' मग गप्प राहा. 'माफी माग', 'तीन मोजेपर्यंत', 'तुझ्या आईला कळवतो' यातलं काहीही यावेळी बोलू नका. तो शांत दिसला तरी किमान अर्धा तास विषय काढू नका, कारण शरीर अजून उसळलेलंच असतं. दुसरा भडका बहुतेक वेळा घाईघाईनं काढलेल्या चौकशीतूनच येतो.

धरून ठेवणं हा शेवटचा उपाय, आणि तोही कुणाला इजा होण्याचा धोका समोर दिसत असेल तरच. पालथं पाडू नका, छाती-पाठीवर भार देऊ नका, तोंड दाबू नका. श्वास कोंडून मूल दगावू शकतं. बांधणं किंवा कोंडणं कधीच नाही. धोका टळला की लगेच सोडा, डॉक्टरांकडून तपासून घ्या, त्याच दिवशी लेखी कळवा.

'मला मरायचंय' हे नाटक समजू नका. सरळ विचारा: 'जीव द्यावासा वाटतोय का?' असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. त्याला क्षणभरही एकटं सोडू नका, औषधं, फिनेल आणि धारदार वस्तू कुलपात ठेवा, आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रीही चालू असतो.

चांगल्या वागण्याला तक्त्यावर गुण आणि त्या गुणांवर बक्षीस, ही पद्धत अनेक ठिकाणी फसते. ती गाजली ती अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या 'अचीव्हमेंट प्लेस' या 1967 साली सुरू झालेल्या छोट्या घरातून. तिथे मोजक्या मुलांसोबत एक जोडपं राहायचं. गुण हे त्या रोजच्या शिकवण्याचं साधन होतं. आपण नुसता तक्ता उचलतो. तक्ता लावायचाच तर चूक दाखवणाऱ्या एका सूचनेमागे चार वेळा नेमकं कौतुक करा ('राग आला तरी ताट खाली ठेवलंस') आणि रोज सकाळी पाटी कोरी करा, नाहीतर तळाचा मुलगा बुधवारीच प्रयत्न सोडतो. जेवण, झोप, घरच्यांची भेट आणि फोन कधीही गुणांवर टांगू नका.

एकाच्या चुकीसाठी सगळ्यांचा टीव्ही बंद केला, तर त्या एकाला रात्री मार बसतो. मोठ्या मुलाला 'मॉनिटर' करून लहानांवर सोडणं त्याहून घातक. मारहाण आणि लैंगिक छळ अशाच आडोशाला वाढतात. कर्मचाऱ्यानं शिस्तीसाठी हात उचलणं हा बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 82 नुसार गुन्हा आहे: पहिल्यांदा दोषी ठरल्यास 10,000 रुपये दंड, त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत कैदही.

पळालेलं मूल परत आलं की आधी आंघोळ, गरम जेवण आणि झोप. दुसऱ्या दिवशी विचारा, 'कुठे जायचं होतं?' 'का पळालास?' यापेक्षा या प्रश्नाला जास्त खरं उत्तर मिळतं. ते उत्तर वहीत लिहा आणि त्याच्या वैयक्तिक काळजी आराखड्यात घाला. बाल कल्याण समितीपुढे आढावा असेल तेव्हा सोबत न्या. वही कुलपात राहील, तिचा फोटो कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही जाणार नाही. पाळी बदलताना मात्र शेवटची दोन पानं दोघांनी पंधरा मिनिटं शेजारी बसून वाचायची, मग चावी द्यायची.